काडीमोडीपासून परस्परसंमतीपर्यंत

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, देणगीदारांची नामावली, वधूवर मेळाव्याचा वृत्तांत आणि दिवंगत कार्यकर्त्यांना श्रद्धांजली ही सदरे दरवर्षी असतात, व ती असणे योग्यच आहे. विवाह जुळविण्याच्या कामी आपले ज्ञातिबांधव जी तत्परता दाखवितात ती स्तुत्य होय. परंतु जुळलेला विवाह दुर्दैवाने टिकला नाही, तर तो कोणत्या रीतीने संपवावा, याविषयी मात्र आपण मौन पाळतो. अशुभ विषय बोलू नये अशी आपली समजूत आहे. त्या मौनाची किंमत तरुण मुलामुलींना द्यावी लागते, म्हणून या विषयाचा इतिहास थोडक्यात वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

हा विषय दूरचा नाही. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील सूतगिरण्यांत, कापडाच्या व यंत्रभागांच्या कारखान्यांत आपली शेकडो मुले पाळीवर कामास जातात. आता मुलीही जातात. कागल, हुपरी, रेंदाळ, कसबा सांगाव येथून जशी माणसे येतात, तशी सीमेपलीकडील निपाणी भागातूनही येतात. स्वतःच्या मिळकतीचा आधार असलेली मुलगी नको असलेल्या संसारात निमूटपणे कुढत बसत नाही. मग दोन्हीकडचे चार वडीलधारे बसतात, स्टँपपेपर आणला जातो, त्यावर ‘आजपासून आमचा संबंध राहिला नाही’ असा मजकूर लिहून उभयतांच्या सह्या होतात, नोटरीचा शिक्का पडतो, आणि सर्वांना वाटते की सोडचिठ्ठी झाली. असे कागद वाचून दाखविण्यासाठी अनेकदा आम्हा शिक्षकांकडे आणले जातात. कागद नीटनेटका असतो, अक्षर सुवाच्य असते. विवाह मात्र कायद्याने जसाचा तसा उभा असतो. हे असे का होते, ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

विवाहबंधन सुटू शकते ही कल्पना पाश्चात्यांकडून आली, असा एक समज सुशिक्षितांत आहे. तो बरोबर नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी हाती लागून १९०९ साली शामशास्त्री यांनी ती छापली, तेव्हा त्यातील विवाहाचे प्रकरण पाहून अनेक विद्वान चकित झाले. पतीची इच्छा नसता पत्नीला व पत्नीची इच्छा नसता पतीला मोकळे होता येणार नाही, परंतु दोघांनाही एकमेकांचा द्वेष असेल तर मोक्ष आहे, अशी व्यवस्था तेथे सांगितलेली आहे. मात्र ब्राह्म आदी धर्म्य विवाहांना ही सवड नाही, असेही तेथेच म्हटले आहे. पुढील काळात उच्चवर्णीयांच्या धर्मशास्त्राने हे दार बंद केले. तथापि शेतकरी, कारागीर व श्रमजीवी समाजांत ते रूढीच्या रूपाने उघडेच राहिले.

त्या रूढीचे नाव काडीमोड. पंचांसमक्ष काडी मोडून दोन तुकडे करावयाचे, म्हणजे संबंध तुटला असे मानीत. अनेक ज्ञातींत पतीने सोडचिठ्ठी लिहून द्यावी, त्याचा लग्नखर्च फेडला जावा, आणि मग त्या स्त्रीने पाट किंवा मोहतूर लावून दुसरा संसार मांडावा, अशी रीत होती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दक्षिणेतील ज्ञातींच्या चालीरीतींची चौकशी केली. तिचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला, व त्यात या प्रथांची नोंद आहे. तेव्हा आपल्या पूर्वजांना घटस्फोट ठाऊक नव्हता असे म्हणण्यात अर्थ नाही.

परंतु या रूढीचे गुणगान करतानाही एक प्रश्न विचारलाच पाहिजे : त्यात संमती कोणाची असे? सोडचिठ्ठी देणारा पती. निवाडा करणारे पंच, व तेही पुरुषच. स्त्रीच्या वतीने तिचा बाप किंवा भाऊ बोले. जिच्या आयुष्याचा प्रश्न, ती बहुधा माजघराच्या उंबऱ्याआड उभी असे. या विषयाच्या पुढील शंभरदीडशे वर्षांच्या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, ती स्त्री उंबरा ओलांडून न्यायाधीशासमोर कशी आली, एवढेच सांगावे लागेल.

इंग्रजी न्यायालयांपुढे हे खटले येऊ लागले, तेव्हा न्यायाधीशांनाही वाट चाचपडावी लागली. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरविले की, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा पतीच्या संमतीवाचून पत्नीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा ज्ञातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. १८९४ साली मद्रास उच्च न्यायालयाने, उभयतांच्या राजीखुशीने विवाह मोडण्याची रूढी अनीतीची नाही, असा निर्णय दिला. १९१५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे, ज्ञातीने ठरविलेली रक्कम भरून एका पक्षाने दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध विवाह मोडावा, अशी एक रूढी आली. ती न्यायालयाने अग्राह्य ठरविली. या तीन निर्णयांचा मेळ घातला म्हणजे दिसते की, पंचांच्या हुकमाला नव्हे, पैशाला नव्हे, तर दोघांच्या संमतीला वजन देण्याकडे न्यायालयांचा कल होता.

संमतीचा प्रश्न केवढा तीव्र होता, हे रखमाबाईंच्या खटल्याने सर्व देशाला दाखविले. बालवयात झालेला विवाह नाकारून त्यांनी पतीच्या घरी जाण्याचे नाकारले. पतीने १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला, परंतु १८८७ साली फेरसुनावणीत पतीकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन पतीने दावा सोडला. त्या पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. दावा मिटला तो तडजोडीने. न्यायालयाने विवाह मोडला नव्हता. दोघांनाही एकत्र राहावयाचे नसेल, तर सरळ न्यायालयात जाऊन तसे सांगण्याची सोय त्या काळी हिंदू दांपत्याला नव्हती.

आता आपल्या करवीर संस्थानाकडे वळू. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले, हे आपल्या भागातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे व वसतिगृहांचे कार्य आपण नेहमी स्मरतो. विवाहविषयक कायद्यांचे कार्य मात्र क्वचितच. १९१७ साली त्यांनी विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदीचा कायदा केला. १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा व काडीमोडीविषयीचा कायदा केला. घटस्फोट हा केवळ ज्ञातीच्या पंचांच्या मर्जीचा विषय न राहता राज्याच्या कायद्याचा विषय झाला, हे या पावलाचे खरे महत्त्व. छळास प्रतिबंध आणि काडीमोडीस नियम, ही दोन कामे एकाच वर्षी व्हावीत यात राजाची दृष्टी दिसते. जी स्त्री मारहाणीच्या भीतीखाली आहे तिच्या ‘हो’ म्हणण्याला काय मोल?

पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर, आणि शाहू महाराज तेथे जातीने उपस्थित होते. ते माणगाव आजच्या औद्योगिक वसाहतीपासून फार दूर नाही. त्याच आंबेडकरांनी पुढे स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिलाचा भार वाहिला. घटस्फोटाने धर्म बुडेल असा आक्षेप घेणाऱ्यांना त्यांनी बजावले की, ज्यांना शूद्र म्हणतात त्या बहुसंख्य हिंदूंत घटस्फोटाची रूढी आधीपासूनच आहे. बिल रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

दरम्यान इतरत्रही पावले पडत होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४७ साली तसा कायदा केला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद प्रथमपासून होती, परंतु ती त्या कायद्याखालील नोंदणी विवाहांपुरती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला, तो मात्र दुसऱ्याचा दोष सिद्ध करून मिळवावयाचा. शांतपणे वेगळे होऊ इच्छिणाऱ्या दोघांनाही एकमेकांवर चिखलफेक केल्यावाचून गत्यंतर नसे. ही उणीव १९७६ च्या दुरुस्तीने दूर झाली व कलम १३-ब अस्तित्वात आले.

या कलमाची रीत प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी अशी आहे. पतिपत्नी एक वर्ष किंवा अधिक काळ वेगळे राहिलेले असावेत, एकत्र नांदणे त्यांना जमलेले नसावे, आणि विवाह संपवावा यावर दोघांचे एकमत झालेले असावे. मग दोघांनी मिळून एकच अर्ज करावयाचा. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे त्या न्यायालयात, अन्यत्र दिवाणी न्यायालयात. विवाह जेथे झाला, दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले, किंवा प्रतिपक्ष जेथे राहतो तेथे अर्ज करता येतो. मुलगी निपाणीची व मुलगा कागलचा असला तरी कायदा दोन्हीकडे एकच आहे. पोटगी, स्त्रीधन, दागिने व मुलांचा सांभाळ यांविषयीच्या अटी लिहून द्याव्यात. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते, व अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन आपला निश्चय सांगावा लागतो. त्यानंतरच, संमती जबरदस्तीने, फसवणुकीने किंवा गैरवाजवी दडपणाने घेतलेली नाही, अशी खात्री करून न्यायाधीश हुकूमनामा देतो.

सहा महिन्यांचा हा अवधी पुष्कळांना जाचक वाटतो. पण घरच्यांच्या रागाच्या भरात केलेली सही फिरविण्याची ती संधी आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. उलट, जेथे दोघे दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहिले आहेत, समेटाचे प्रयत्न निष्फळ झाले आहेत, पोटगी व मुलांचा प्रश्न मिटला आहे, आणि थांबण्याने केवळ यातनाच वाढणार आहेत, तेथे हा अवधी माफ करण्याची मुभा २०१७ च्या निर्णयाने न्यायालयांना मिळाली आहे.

मग स्टँपपेपरचे काय? कायद्याने जुन्या रूढीला अगदीच टाकलेले नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम २९ ने रूढीप्रमाणे मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. परंतु आपल्या ज्ञातीत अशी रूढी आहे असे नुसते म्हणून भागत नाही. ती प्राचीन, अखंड व वाजवी आहे हे न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. असा पुरावा देणे किती कुटुंबांना शक्य आहे? तो देता आला नाही, तर पहिला विवाह कायम ठरतो. मग दुसरा विवाह निरर्थक होतो, आणि तो करणाऱ्यावर द्विभार्या किंवा द्विपती विवाहाचा गुन्हा येऊन सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सर्वाधिक हानी होते ती दुसऱ्या संसारातील निष्पाप स्त्रीची. भविष्यनिर्वाह निधीच्या वारसाची नोंद, निवृत्तिवेतन, घराचा उतारा, अशा प्रत्येक वेळी तो स्टँपपेपर पुढे केला जातो व प्रत्येक वेळी तो अपुरा ठरतो.

यावर आपल्या संस्थेने काय करावे? ज्ञातीच्या ज्येष्ठांनी मध्यस्थी करण्यास कोणाची हरकत नाही. दोन घरांत समेट घडवून आणणे हे पुण्यकर्मच होय. परंतु विवाह मोडण्याचा निवाडा देण्याचा, दंड बसविण्याचा किंवा न ऐकणाऱ्यास वाळीत टाकण्याचा अधिकार आता कोणासही नाही. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला आहे, व त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. म्हणून कार्यकारी मंडळास नम्र सूचना अशी की, वधूवर सूचक समितीच्या जोडीला एक सल्ला समिती नेमावी. तिने समेट न झालेल्या जोडप्यास कागद करून देऊ नये. त्यांना न्यायालयाचा रस्ता दाखवावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो, ही गोष्ट घरोघरी पोहोचवावी. पाळीवर काम करणाऱ्या मुलामुलींस न्यायालयाच्या तारखेस सोबत म्हणून एखादा कार्यकर्ता जावा. आणि पुनर्विवाहेच्छूंची नोंद करताना न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत पाहूनच नाव घ्यावे.

आपल्या पूर्वजांनी दुःखी संसारातून सुटण्याची वाट ठेवली, हा त्यांचा शहाणपणा होता. त्या वाटेवर स्त्रीचा शब्द ऐकला जात नव्हता, ही तिची उणीव होती. कायद्याने ती उणीव भरून काढली आहे. आज न्यायाधीश तिला समोर उभी करून, ही तुझी स्वतःची इच्छा आहे ना, असे विचारतो व तिच्या उत्तराची वाट पाहतो. तो प्रश्न विचारला जाण्याचा तिचा हक्क आपण एका स्टँपपेपरासाठी हिरावून घेऊ नये, एवढीच सर्व ज्ञातिबंधुभगिनींना विनंती आहे.