वरच्या खोलीचा भाव

बँकेनं पाठवलेला माणूस घर मोजायला आला तेव्हा आईनं आधी पोहे केले, मग चहा. त्याच्या हातात लेझरचं छोटं यंत्र होतं. भिंतीवर लाल ठिपका पडला की तो आकडा टिपून घ्यायचा. खालचा हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, वरच्या दोन बेडरूम झाल्या. गच्चीकडं जाणाऱ्या जिन्यापाशी आल्यावर त्यानं मान वर करून पत्र्याकडं पाहिलं, बगलेतला मंजूर नकाशा उलगडला आणि परत घडी घातली.

"वर काय आहे?"

"खेळायची खोली," मी म्हणालो.

"नकाशात नाहीये," तो म्हणाला आणि खाली उतरला. वर आलाच नाही. त्याच्या अहवालात ती खोली नाही.

निगडी प्राधिकरणातलं हे आमचं रो-हाऊस. बाबा गेल्यावर आईला जिने होईनात, म्हणून विकायला काढलं. ताईच्या जवळ लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा आणि उरलेल्या पैशांच्या व्याजावर आईचं औषधपाणी, असं गणित होतं. त्या गणितात वरची खोली आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात धरलेली होती. चौदा बाय अकरा, म्हणजे १५४ चौरस फूट. निगडीत आज १५४ चौरस फुटांचे किती होतात हे कुणीही बोटांवर मोजेल.

खोली १९९३ ची. बाबा ज्या कारखान्यात होते तिथं परदेशातून मशिनं यायची, आणि ती ज्या लाकडी खोक्यांतून यायची त्यांचा भंगारात लिलाव व्हायचा. या पट्ट्यातल्या निम्म्या घरांतले दिवाण, कपाटं, देव्हारे त्या पॅकिंगच्या लाकडाचे आहेत. बाबांनी त्यातून टेबल टेनिसचं टेबल केलं. नऊ फूट बाय पाच फूट, मापात चूक नाही. शेवटी टूलरूमचा माणूस. टेबल ठेवायला मग गच्चीवर चार भिंती आणि पत्रा घातला. टेबलामागं दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरायचे, त्यामुळं मागं सरून खेळणं शक्यच नव्हतं. आमच्या आळीतली सगळी पोरं टेबलाला चिकटून खेळायला शिकली आणि शाळेच्या स्पर्धेत लांबच्या चेंडूंवर हरली.

भाव न आल्यावर मी चिडून या खोलीचा मागचा धागा शोधायला लागलो. घरात खेळासाठी खोली असावी हे आपल्याकडं कधी सुरू झालं? त्याआधी लोक खेळत कुठं होते?

या भागात उत्तर सोपं आहे: तालमीत. भोसरी, चिंचवड, आकुर्डी ही कारखान्यांच्या आधीची गावं. भोसरीचं नाव कुस्ती आणि कबड्डीसाठी आजही घेतात. तालीम म्हणजे खरं तर गावाची खेळायची खोली. तांबडी माती, कोपऱ्यात मारुती, खुंटीला लंगोट. ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. गावातल्या एखाद्यानं घर विकलं तर तालमीतला त्याचा वाटा विकला जात नव्हता, कारण तसा वाटाच नव्हता. घरातले खेळ वेगळे. सोंगट्या, गंजिफा, बुद्धिबळ हे ओसरीवर किंवा माजघरात. पट कापडाचा; खेळ संपला की गुंडाळून कोनाड्यात. खेळाला जागा लागत होती, खोली लागत नव्हती.

खेळाच्या खोलीची कल्पना आपल्याकडं आली ती साहेबाच्या क्लबातून. स्नूकर हा खेळ जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं रचला असं मानतात (नंतर पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा). बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवले, म्हणून त्या खेळाला काही काळ 'पूना' म्हणत. बिलियर्ड्सचं पूर्ण मापाचं टेबल बारा फूट बाय सहा फूट. चारही बाजूंनी काठी फिरवायची तर बावीस बाय सोळाची खोली पाहिजे. एवढी खोली नुसती खेळायला ठेवणं हीच इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांची ऐट होती. टेबलापेक्षा त्याच्याभोवतीच्या रिकाम्या जागेचा तो डामडौल.

आमच्याकडं मात्र ऐट नव्हती, शिफ्ट होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं पेनिसिलिन करणारा हा सरकारी कारखाना. त्याच्या आसपास कामगारांची कॉलनी वसली, तिला लोक अजून एचए कॉलनी म्हणतात. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो लहान वर्कशॉप. मोठ्या कारखान्यांच्या वसाहतींमध्ये कॅरम आणि टेबल टेनिस हे घराबाहेर, सगळ्यांसाठी असायचे. तालमीची जागा कंपनीनं घेतली एवढंच. तिथंही निवृत्त होताना क्वार्टर सोडायचं आणि कॅरमही सोडायचा.

खेळ घरात शिरला तो प्लॉटबरोबर. १९७० मध्ये चार गावांची मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आलं. परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित करून, आखीव पेठा पाडून, कामगारांना कामाजवळ घर द्यायचं ही कल्पना. जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. चाळीतून किंवा गावातल्या दहा बाय दहाच्या खोलीतून आलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःची गच्ची मिळाली. आणि गच्ची मिळालेला माणूस पत्रा घालतोच. कुणी भाडेकरू ठेवायला, कुणी लोणच्याच्या बरण्यांसाठी, बाबांनी टेबलासाठी. परवानगी? कुणी घेतली नाही, बाबांनीही नाही. टूलरूममध्ये दशांश मिलिमीटरची चूक सहन न करणाऱ्या माणसानं नकाशाबाहेर १५४ चौरस फूट उभे केले आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. याचं मला अजून नवल वाटतं.

हा एकट्या आमच्या घराचा प्रकार नव्हता. शहरभर अनधिकृत बांधकामं इतकी झाली की २००८ पासूनच्या बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागू झाली. 'शास्ती कर' हा शब्द त्यानंतरच्या कितीतरी निवडणुकांच्या भाषणांत तुम्ही ऐकला असेल. २०२३ मध्ये राज्य सरकारनं तो माफ केला. पण शास्ती माफ होणं वेगळं आणि बांधकाम नियमित होणं वेगळं. गल्लीतल्या अनेकांना हा फरक घर विकायला काढल्यावर कळला. आमची खोली २००८ च्या आधीची, म्हणून शास्ती लागली नव्हती. तेवढ्यावरून ती अधिकृतच आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

आता ताईकडं बघू. तिची सोसायटी पुनावळ्याच्या बाजूला, टॉवरची. तिच्या जाहिरातीत क्लब हाऊसचं चित्र पहिल्या पानावर होतं. त्यात टेबल टेनिस, पूल टेबल, कॅरम आणि खळखळून हसणारं एक कुटुंब. ताईनं घेतलं तेव्हा भाव 'सुपर बिल्टअप'चा होता. म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी आणि हे क्लब हाऊस यांचा तिच्या वाट्याचा तुकडा फ्लॅटच्या क्षेत्रफळात मिसळून प्रत्येक फुटाला पैसे. त्याला लोडिंग म्हणतात. २०१७ च्या मे महिन्यापासून महारेराच्या काळात क्षेत्रफळ कार्पेटवर सांगावं लागतं. कायद्यातली कार्पेटची व्याख्या मला फार आवडते: बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, आतल्या धरायच्या. म्हणजे आत भिंत घाला नाहीतर पाडा, आकडा तोच. खोलीला बेडरूम म्हणा, देवघर म्हणा, गेम रूम म्हणा, कायद्याला फरक नाही.

बाजाराला मात्र आहे. बाजार बेडरूम मोजतो. थ्री बीएचकेमधल्या एका खोलीत पूल टेबल घातलं की बघायला येणारा मनात म्हणतो, टू बीएचके आहे आणि एक टेबल हलवायचंय.

क्लब हाऊसचं आणखी एक. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नहालचंद लालुचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सांगितलं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, कारण ती सामाईक जागा आहे. १९६३ चा महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा त्यामागं होता. सामाईक जागेचं तत्त्व तिथं पार्किंगच्या भांडणातून स्पष्ट झालं, पण क्लब हाऊसकडं बघतानाही मला तेच आठवतं. ताईला तिचा कॅरम कधी वेगळा विकता येणार नाही. फ्लॅट विकताना तो पाहुण्यांना दाखवता येतो, आणि मेंटेनन्सचं बिलही दाखवावं लागतं. तिच्याकडं पूल टेबलचं कापड फाटलंय, टीटीच्या खोलीची किल्ली वॉचमनकडं असते आणि तिथं मुख्यतः वाढदिवस होतात. तरी घर बघायला येणारे तिथं फोटो काढतात. ताई म्हणते, "घेताना सगळे खेळणारच असतात."

गंमत म्हणजे आतेभावाचंही हेच. तो न्यू जर्सीत असतो आणि त्यानं तळघरात टेबल टेनिस, मोठा टीव्ही, छोटा बार असं थाटलंय. फोनवर माझं रडगाणं ऐकून तो हसायलाच लागला. तिकडं घरकर्जांच्या बाजारात फॅनी मे नावाची बडी संस्था आहे. २०२२ पासून तिच्या नियमानं घर एका ठरावीक मानकानं मोजतात, आणि त्यात जमिनीखाली थोडासाही गेलेला मजला मुख्य राहत्या क्षेत्रफळात धरत नाहीत. तळघराची नोंद वेगळ्या ओळीत होते. त्याला निदान वेगळी ओळ तरी आहे, मी म्हणालो.

आमच्याकडं गिऱ्हाइकं तीन आली. पहिले एक गृहस्थ चाकणच्या कारखान्यांना माणसं पुरवणारे. निगडीहून तळवडेमार्गे चाकण जवळ, हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं. वरच्या खोलीत गेले, टेबलावर हात ठेवला आणि भिंतीकडं बघत पुटपुटले, "सहा. दाटीवाटीनं आठ." कॉट मोजत होते. खरं सांगायचं तर त्या खोलीला रोकडा भाव देणारे तेच एकटे होते. चाकण, महाळुंगे, निघोज्यात कंत्राटी पोरं अशाच पत्र्याखाली राहतात, शिफ्ट बदलली की त्याच गादीवर दुसरा. आईनं त्यांना चहा दिला, आणि ते गेल्यावर म्हणाली, "उन्हाळ्यात वर आठ जण? मी नाही देणार."

दुसरे आले ते जिन्यावरूनच परतले. त्यांना पार्किंग हवं होतं.

तिसरं हिंजवडीत काम करणारं जोडपं. त्यातली मुलगी खोलीत शिरली आणि थांबलीच. तिला तिथं दोन स्क्रीन, चांगली खुर्ची, वायफायचा वेगळा पॉइंट आणि एसी दिसत होता. रात्री मैत्रिणींबरोबर ऑनलाइन खेळते म्हणाली. नवरा टेबलाकडं बघत होता. दोघांनी आमच्या जुन्या बॅट काढल्या आणि वीस मिनिटं खेळले. मुलगी जिंकली. मागं जागा नाही ही तक्रार फक्त नवऱ्यानं केली.

एजंटनं मला बाजूला घेतलं. "खोली दाखवायची, लिहायची नाही," तो म्हणाला. त्यांना घर आवडलंय ते खोलीमुळं, पण बँक कर्ज देणार नकाशातल्या फुटांवर. आमची अपेक्षा आणि त्यांचं कर्ज यांत सात लाखांची फट होती. त्यावर त्याच्याकडं तोडगा तयार: कागदावर खालचं घर, वरच्या खोलीचे सात लाख रोख. "सगळे असंच करतात, काका." मी त्याचा काका कधी झालो कुणास ठाऊक.

त्या रात्री आम्ही तिघं बसलो. ताईचं म्हणणं, घेऊन टाका, आईच्या औषधांचा प्रश्न आहे. मी गप्प होतो, कारण मला सात लाख हवे होते आणि तसं म्हणायचं नव्हतं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांनी एकदा न विचारता बांधली. आता न सांगता विकायची नाही." ताईनं फ्लॅटचा बेत एक बेडरूम कमी करून परत मांडला. साठेखतात वरच्या खोलीचा उल्लेख गेला, 'मंजूर नकाशाव्यतिरिक्त बांधकाम' असा, आणि भाव चार लाखांनी खाली आला. उरलेले तीन लाख त्या जोडप्यानं बँकेबाहेरून, पण चेकनं उभे केले. व्याजाचं गणित मात्र मोडलं ते मोडलंच. दर महिन्याला ताई आणि मी थोडेथोडे घालतो.

सामान हलवायच्या दिवशी टेबल न्यायचं ठरवलं. चार माणसं वर गेली. टेबल दारातून निघेना. आडवं केलं, उभं केलं, पाय काढले, तरी नाही. तेव्हा आईला आठवलं की बाबांनी टेबल आधी गच्चीवर जोडलं होतं आणि भिंती त्याच्याभोवती बांधल्या होत्या. कापायचं का, असं हमालांनी विचारलं. ती मुलगी किल्ल्या घ्यायला आलेलीच होती. ती म्हणाली, राहू दे, स्क्रीन त्याच्यावरच ठेवते. एका कडेला पॅकिंगच्या खोक्यावरचा जर्मन छाप अजून वाचता येतो. तेवढा भाग मी फोनवर काढून घेतला आणि खाली उतरलो.