पाच डॉलरचा बिल्ला : कासवांच्या प्रवासाचा माग

१/ समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पहाटेपूर्वी पाण्यात दिसेनाशी होते. पुढे ती कोठे जाते? चरते कोठे? पुन्हा येते ती तीच की दुसरी? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्राणिशास्त्राकडे याची खात्रीशीर उत्तरे नव्हती.

२/ काही अंदाज होता तो केमन बेटांवरील कासवमारांना. निकाराग्वाच्या मिस्किटो किनाऱ्यालगत हिरवी कासवे पकडण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. चरणारी ही कासवे अंडी घालण्यास दूर दक्षिणेला जातात, असे ते सांगत. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी हे बोलणे गांभीर्याने घेतले. मात्र ऐकीव माहिती म्हणजे पुरावा नव्हे.

३/ १९५५ साली कार यांनी कोस्टा रिकातील टॉर्टुगेरोच्या किनाऱ्यावर माद्यांना क्रमांक देण्यास आरंभ केला. प्रथम कवचाला भोक पाडून तारेने पट्ट्या बांधल्या. त्या टिकल्या नाहीत. मग गुरांच्या कानाला लावतात तसला धातूचा बिल्ला वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला लावला. युक्ती साधी होती, पण ती टिकली.

४/ बिल्ल्यावर क्रमांक आणि पत्ता असे. परत पाठवणाऱ्यास पाच डॉलर मिळत. हळूहळू पत्रे येऊ लागली. त्यांतली बहुसंख्य मिस्किटो किनाऱ्यावरून, जेथे उथळ पाण्यात सागरी गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. इकडे टॉर्टुगेरोला तेच क्रमांक दोन-तीन वर्षांनी पुन्हा दिसू लागले. घर एकीकडे, कुरण शेकडो किलोमीटर दूर. कासवमारांचे म्हणणे खरे ठरले.

५/ पण या साधनाची एक काळी बाजू होती. बिल्ला परत येई तो बहुधा मारलेल्या कासवाचा. म्हणजे कार यांचा नकाशा जितका प्रवासाचा, तितकाच शिकारीचाही होता. जेथे कोळी जात नसत, तेथून पत्रही येत नसे. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे: साधन जेथे मौन पाळते, तेथे काही घडलेच नाही असे मानता येत नाही.

६/ दुसरा निष्कर्ष राजकीय होता. कोस्टा रिकाने १९७५ मध्ये टॉर्टुगेरोला राष्ट्रीय उद्यानाचे कायदेशीर संरक्षण दिले. त्याच दशकात निकाराग्वात कासवाचे मांस निर्यातीसाठी तयार करणारे कारखाने चालू होते. मिस्किटो लोकांचे ते पिढीजात अन्न. निर्यातीने शिकारीचे प्रमाण बदलले. किनारा राखला तरी कुरण दुसऱ्या देशात असेल, तर रक्षण अर्धेच राहते, हे बिल्ल्यांनी दाखवले.

७/ १९७८ मध्ये आर्गोस ही उपग्रह यंत्रणा सुरू झाली आणि साधन बदलले. कासवाच्या पाठीवर बसवलेले यंत्र ते श्वासासाठी वर आले की संदेश पाठवते. आता मार्ग कळण्यासाठी कासव मरण्याची गरज उरली नाही.

८/ भारतात २००१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर चार ऑलिव्ह रिडले माद्यांना अशी यंत्रे बसवली गेली. पश्चिम किनाऱ्यावर पहिला मान जानेवारी २०२२ मध्ये कोकणातील वेळासच्या ‘प्रथमा’ला मिळाला. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली.

९/ आणि मग जुना बिल्ला पुन्हा बोलला. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायावर क्रमांक आढळला : ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षणाने तो २०२१ मध्ये ओडिशात लावला होता. पूर्व किनाऱ्यावर नोंदलेली मादी पश्चिम किनाऱ्यावर विणीला आली होती. तिने १२० अंडी घातली; त्यांतून १०७ पिल्ले बाहेर पडली.

१०/ मिस्किटो किनाऱ्यावरून येणाऱ्या पत्रांच्या मागे बहुधा एक मेलेले कासव असे. गुहागरला क्रमांक वाचला गेला, आणि कासव समुद्राकडे परत गेले. सत्तर वर्षांत बिल्ला फारसा बदलला नाही. तो वाचणारा माणूस बदलला.