दक्षिणेचा पैसा आणि घरची विद्या

ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून गिरगावातून जाणाऱ्या हमरस्त्यास जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. 1849 साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नाना शंकरशेटांनी गिरगावातील आपल्या वाड्यात शाळेस जागा दिली. त्या तरुणांपैकी एक दादाभाई नौरोजी. त्यांनी उतारवयात सांगून ठेवले आहे, की आम्ही घरोघर हिंडून आईबापांना विनवीत असू, 'शाळेत धाडणे नको असेल तर निदान तुमच्या ओसरीवर बसून मुलींना अक्षरे शिकवू द्या.' काही बापांनी ओसरी दिली. काहींनी पायऱ्यांवरून खाली लोटून देण्याची धमकी दिली. या उद्योगास प्रारंभी सरकारी तिजोरीतून काही मिळाले नाही. शिकविणारे सकाळी फुकट शिकवीत आणि पुढे कामा घराण्यासारख्या धनिकांनी खर्चाचा भार उचलला.

श्रोतेहो, ओसरीवरच्या या विद्येस सरकारचा पैसा का मिळू नये, हा प्रश्न आज पुन्हा निघाला आहे. घरीच शिकणाऱ्या मुलास राज्याच्या शिष्यवृत्तीतून द्रव्य द्यावे की नाही, असा वाद अमेरिकेतील काही संस्थानांत गेली दहापंधरा वर्षे जोरात चालू आहे. ती बातमी वाचून आपल्याकडील पुष्कळांना ही कल्पना अगदी नवी, परदेशी वाटते. वास्तविक महाराष्ट्रात हा प्रयोग शंभर वर्षे चालला होता. त्याचे नाव दक्षिणा.

श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची चाल तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या घरी होती. 1731 साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही चाल पेशव्यांनी पुण्यास उचलली. काशीपासून कर्नाटकापर्यंतचे शास्त्री, वैदिक आणि नुसतेच भोजनभाऊ श्रावणमासी पुण्याकडे लोटत. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे जे आवार होते, तेथे त्यांना कोंडून एकेकास बाहेर सोडताना हातावर पैसे ठेवीत. रमण्याची ही गर्दीच लोकांच्या स्मरणात राहिली आणि दक्षिणा म्हणजे आयतखाऊपणा असा समज रूढ झाला. तो समज अर्धाच खरा आहे.

दुसरा अर्धा भाग माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली लिहिलेल्या अहवालात सापडतो. पेशव्यांच्या अमदानीत दक्षिणेचा खर्च सुमारे 5 लाख रुपये होता. दोन रुपयांपासून दोनशे रुपयांपर्यंत तिच्या पायऱ्या होत्या. वरच्या पायऱ्या विद्येची परीक्षा घेऊन दिल्या जात आणि उरलेली रक्कम बाकीच्यांत सरसकट वाटली जाई. म्हणजे रमण्यावरची खिरापत आणि परीक्षेची दक्षिणा या दोन वेगळ्या वस्तू होत्या. विद्वानाने व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र कोठे शिकले हे परीक्षक शास्त्री विचारीत नसत. विचारून उपयोगही नव्हता, कारण शाळा म्हणून वेगळी इमारत बहुधा नसेच. गुरूचे घर हीच पाठशाळा. विद्यार्थी गुरूच्या पडवीत निजत, माधुकरी मागून जेवत, गुरूस फी देत नसत. गुरूचा प्रपंच चाले तो इनामांवर, यजमानांवर आणि श्रावणातल्या या दक्षिणेवर. राज्य शाळेस पैसा देत नव्हते. ते शिकलेल्या माणसास देत होते आणि तो पैसा फिरून घरच्या पडवीतील विद्यार्थ्यांच्या कामी येत होता.

घरच्या शिक्षणाचा विस्तार त्या काळी केवढा होता, याची कल्पना आपणांस सहसा नसते. मुंबई इलाख्यात 1829 साली सरकारने जी मोजदाद छापली, तीत 1,705 शाळा व 35,143 विद्यार्थी भरले. ही शाळांची गणती. घरात शिकणारी पोरे तिच्या बाहेर राहिली. मद्रासेस टॉमस मन्रोने चौकशी करविली तेव्हा निराळेच चित्र दिसले. मद्रास शहरात शाळेत शिकणारी मुले साडेपाच हजारांच्या आसपास होती आणि घरी शिकणारी 26 हजारांवर! बंगाल्यात विल्यम ॲडमने नाटोर ठाण्यात घरोघर विचारपूस केली. तेथील प्राथमिक शाळांत 262 मुले होती, तर 1,588 कुटुंबांत मिळून 2,382 मुले घरी शिकत होती. हे आकडे हाती घेऊन मुंबईच्या रा. वि. परुळेकरांनी 1940 साली असे मांडले, की केवळ शाळा मोजून त्या काळची साक्षरता ठरविणे अन्यायाचे आहे. मुंबई इलाख्याला मद्रासचे प्रमाण जसेच्या तसे लावता येणार नाही, हे खरे. परंतु मुख्य मुद्दा टिकतो. सरकार जे मोजते त्यालाच पुढे पैसा देते, आणि घर मोजले गेले नाही.

पेशवाई 1818 साली बुडाली. एल्फिन्स्टनने रमण्याची गर्दी बंद केली आणि विद्येसाठी दिली जाणारी दक्षिणा तेवढी 50 हजार रुपयांच्या मर्यादेत चालू ठेवली. यात दया होती तसे राजकारणही होते, कारण पुण्यातील ब्राह्मणवर्ग एकदम नाराज करणे नव्या राज्यास परवडणारे नव्हते. तरीही त्याची दृष्टी पुढची होती. ही बक्षिसे धर्मशास्त्रातील निव्वळ पांडित्याकडून हळूहळू कायदा, गणित अशा उपयुक्त विषयांकडे वळवावी, असे त्याच्या मनात होते. 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, ती याच दक्षिणेच्या पैशातून. येथून ओघ बदलला. आजवर पैसा माणसाकडे जात होता, तो आता वास्तूकडे जाऊ लागला. पुढे दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे बंद झाले आणि जुन्या धारकांस हयातीपुरते वर्षासन राहिले. शास्त्री वारत गेले तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली.

त्या शिलकेवरून पुण्यात जे रण माजले ते आपल्या सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आहे. 1849 च्या सुमारास लोकहितवादींच्या पुढाकाराने सुशिक्षित तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेतील काही पैसा चांगल्या मराठी ग्रंथांस बक्षीस म्हणून द्यावा आणि बक्षीस देताना जात पाहू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. जुनी मंडळी खवळली. अर्जदारांस धाक घालण्यापर्यंत मजल गेली, आणि त्यांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. अर्थात दार उघडले म्हणून उंबरठा गेला असे नव्हे. 1855 साली फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक त्याच कमिटीकडे धाडले; कमिटीतील भटसभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, ही तक्रार त्यांनी 'गुलामगिरी'त स्वतः नमूद करून ठेवली आहे.

उरलेल्या पैशातून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात महादेव गोविंद रानडे प्रथम कनिष्ठ आणि मग वरिष्ठ दक्षिणा फेलो झाले. पेशव्यांची दक्षिणा घेऊन मिल आणि अर्थशास्त्र वाचणारा हा विद्यार्थी पाहून रमण्यावरच्या शास्त्र्यांस काय वाटले असते, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. 1873 साली रानड्यांचे दुसरे लग्न झाले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंना त्यांनी घरी शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडील बायकांची बोलणी खात त्या मुलीने मराठी व इंग्रजी कसे आत्मसात केले, हे त्यांच्या आठवणींत वाचावयास मिळते. नवऱ्याच्या विद्येस राज्याची वृत्ती होती. बायकोच्या विद्येस टोमणे होते. त्याच्याही आधी, सावित्रीबाईंस जोतीरावांनी घरीच शिकविले होते; तिलाही कोठली दक्षिणा नव्हती.

येथे दक्षिणेचे खरे वैगुण्य दिसते. तिच्यावर टीका करणारे म्हणत, की घरोघरची, बेशिस्त, जुनी विद्या पोसण्यात पैसा वाया गेला. मला ते पटत नाही. घरची विद्या टाकाऊ नव्हती. वैगुण्य हे होते, की परीक्षेच्या दारापर्यंत जाण्याचा हक्क एकाच जातीच्या पुरुषांना होता. एक गोष्ट सांगतो. अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यात रामचंद्रशास्त्र्यांपाशी शिकत असता, दुसऱ्या बाजीरावांची पत्नी वाराणसीबाई हिला गुरुजी वाड्यात संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले. आपल्या बायकोसही असेच शिकवावे, ही गोष्ट त्यांच्या मनाने घेतली. जनांनी छळले तेव्हा ते गंगामुळाच्या अरण्यात जाऊन राहिले आणि त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत पढविले. त्या आईने आपल्या मुलीस शिकविले. तीच मुलगी 1878 साली कलकत्त्यास पंडितांच्या सभेत 'सरस्वती' ठरली. त्याच पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी शारदासदन उघडले, तेही ठाकूरद्वारापासून हाकेच्या अंतरावर, चौपाटीच्या बाजूस. तेथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. सदनाचा खर्च बोस्टनच्या मंडळींनी सोसला. ज्या पुण्यात विद्येसाठी लाखो रुपये वाटले गेले, तेथून निघालेल्या घरच्या विद्येची ही परंपरा. तिला शेवटी पैसा समुद्रापलीकडून आणावा लागला.

1854 च्या वूडसाहेबाच्या खलित्याने अनुदानाची पद्धत घालून दिली. संस्थेने पटावर मुले दाखवावी, तपासनिसाने ती पाहावी, सरकारने पैसा द्यावा. या पद्धतीने फायदा पुष्कळ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. जातीचा अडसर कायद्याने तरी दूर झाला आणि हिशेब चोख राहू लागला. परंतु जो पटावर नाही तो विद्यार्थीच नव्हे, असा सिद्धान्त तिच्यातून आपोआप निघाला.

या सिद्धान्तावर पहिला नेमका घाव कोणी घातला? ज्यांना दक्षिणेची चीड होती त्या फुल्यांनीच. 1882 साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यातील प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांस ठाऊक आहे. त्याच निवेदनातील आणखी दोन मागण्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एक अशी, की निव्वळ चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे दिसावयास न्याय्य असले तरी मागासलेल्या वर्गांत त्याने विद्या पसरत नाही, म्हणून ज्या जातींत विद्या पोचली नाही त्यांना वेगळ्या शिष्यवृत्त्या द्याव्या. दुसरी अशी, की खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यास मुंबई विद्यापीठ प्रवेशपरीक्षेस बसू देते, तीच सवलत बी. ए., एम. ए. पर्यंत वाढवावी. त्याने पुष्कळ तरुण घरी अभ्यास करू लागतील आणि ज्ञानाचा प्रसार होईल. पैसा कोणास द्यावा आणि अभ्यास कोठे करू द्यावा, ही दोन्ही दारे फुल्यांनी एकाच कागदावर मागितली. दक्षिणेत दुसरे दार सताड उघडे आणि पहिले बंद होते. कमिशननंतरच्या व्यवस्थेत पहिले हळूहळू किलकिले झाले, दुसरे मात्र आवळले गेले.

अमेरिकेतील बातमी या प्रकाशात वाचावी. ॲरिझोना संस्थानाने 2011 साली अपंग मुलांसाठी सरकारी पैशाची खाती काढली आणि 2022 साली ती सर्व मुलांस खुली केली. त्या पैशातून घरच्या शिक्षणाची पुस्तके व शिकवणी घेता येते, परंतु राज्याची परीक्षा देण्याची अट नाही. फ्लोरिडाने 2023 साली तशीच सोय केली, मात्र मुलाने दरसाल एक मान्य परीक्षा दिली पाहिजे असे ठरविले. या दोहोंत मला फ्लोरिडाची रीत बरी वाटते. पैसे मोजताना परीक्षकच नसला, की दोनशे रुपयांच्या शास्त्र्यात आणि दोन रुपयांच्या भोजनभाऊत भेद उरत नाही, हे रमण्याने दाखवून दिले आहे.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात घरी अभ्यास करून दहावी-बारावीस बसू इच्छिणाऱ्यासाठी सतरा नंबरचा अर्ज आहे. गिरगावच्या चाळींतून, लालबाग-परळच्या गिरणगावातून काम सांभाळून शिकणाऱ्या कित्येकांनी तो भरला. परीक्षा तीच, उत्तरपत्रिका तपासणारे तेच. नोंदणीचे शुल्क मात्र खाजगी विद्यार्थ्यास स्वतःच्या खिशातून भरावे लागते, आणि शालेय शिष्यवृत्ती परीक्षेस बसावयाचे तर मुलाचे नाव कोणत्यातरी शाळेच्या पटावर असावे लागते.