आकाशातून दिसणारे व्हाइटफील्ड

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड येथे घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती जमिनीची जुनी कागदपत्रे येतात, तेव्हा कन्नड लिपीच्या पडद्याआडून काही शब्द ओळखीचे निघतात. सर्व्हे नंबर, गुंठा, खराब, आकारबंद, टिपण. हा योगायोग नव्हे. १८३०च्या दशकात पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची व आकारणीची जी पद्धत बसविली, ती ‘मुंबई पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. १८६३ पासून म्हैसूर संस्थानातील महसुली मोजणी याच पद्धतीने सुरू झाली. तेहेतीस फुटांची साखळी, तिच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर हे माप इंदापुराहून व्हाइटफील्डच्या परिसरापर्यंत असे पोहोचले.

या मोजणीचे बलस्थान असे, की ती पायी चालून झालेली होती. शेताच्या बांधावर साखळी धरली जाई, शेजारचे खातेदार हजर असत आणि हद्दीचे दगड रोवले जात. ओढे, नाले, वाटा यांसारखी सार्वजनिक वापराची जमीन ‘खराब’ या सदरात वेगळी दाखविली जाई. तिची मर्यादा अशी, की ती गावापुरतीच पाहत असे. दहा गावांतून वाहणाऱ्या पाण्याचा मार्ग कोणत्याही एका गावच्या नकाशावर अखंड दिसत नसे. तो पाहावयास दृष्टी उंच न्यावी लागते.

व्हाइटफील्डचा जन्म १८८२ सालचा. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेस शेतीवसाहतींसाठी ३,९०० एकर जमीन दिली आणि संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव या वसाहतीस मिळाले. वसाहतीची आखणी वर्तुळाकार होती. ‘इनर सर्कल’ आणि ‘आउटर सर्कल’ ही नावे आजही टिकून आहेत. रस्त्यावर उभे राहून ही आकृती ध्यानात येत नाही. वरून पाहिले की क्षणात उमगते.

वरून पाहण्याचे साधनही याच बाजूस आले, आणि त्यामागे एक मराठी मुलखातील उद्योजक होता. व्हाइटफील्ड वसले त्याच वर्षी सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४०च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. शहर आणि व्हाइटफील्ड यांच्या दरम्यान असलेल्या तिच्या धावपट्टीवरच पुढे २००८च्या मे महिन्यापर्यंत प्रवासी विमाने उतरत. पूर्वेकडून येणाऱ्या विमानाच्या खिडकीतून वर्तूरचे तळे, नारळीच्या बागा आणि वाढत्या इमारती ज्यांनी पाहिल्या, त्यांना त्या बदलाची साक्ष वेगळी द्यावयास नको.

हवाई छायाचित्रणाचे तंत्र पहिल्या महायुद्धात खंदकांचे नकाशे काढताना प्रौढ झाले. आपल्याकडे १९२४ मध्ये तेव्हा हिंदुस्थानचाच भाग असलेल्या ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाकडील जंगलांची पाहणी विमानातून झाली. तंत्राचे तत्त्व सोपे आहे. विमान सरळ पट्ट्यांत उडते आणि प्रत्येक छायाचित्र आधीच्या छायाचित्राचा सुमारे साठ टक्के भाग पुन्हा टिपते. एकच जागा दोन कोनांतून दिसल्यामुळे दोन डोळ्यांनी पाहिल्यासारखा उंचसखलपणा कळतो आणि समोच्च रेषा काढता येतात. जेथे नदी नाही, पण उतारावर एकाखाली एक तळी बांधून पाणी अडविलेले आहे, अशा बंगळूरसारख्या शहरास या रेषांचे मोल फार. बेलंदूरचे पाणी वर्तूरला जाते आणि वर्तूरचे दक्षिण पिनाकिनीस मिळते. तळ्यांना जोडणाऱ्या मुख्य नाल्यांना तेथे ‘राजकालुवे’ म्हणतात.

परंतु ही दृष्टी दीर्घकाळ नागरी प्रशासनाच्या हाती मोकळेपणाने आली नाही. १९३७च्या विमान नियमांनुसार उडत्या विमानातून परवानगीविना छायाचित्र घेण्यास मनाई होती. स्वातंत्र्यानंतरही हवाई छायाचित्रणास संरक्षण खात्याची संमती लागे आणि हाती आलेली छायाचित्रे गोपनीयतेच्या श्रेणीत ठेवली जात. सीमेवरील युद्धे पाहिलेल्या देशाने सावध राहावे, हे समजण्यासारखे होते. तथापि या सावधगिरीची किंमत नगररचनेने मोजली. शत्रूपासून जे लपवावयाचे होते, ते बहुधा त्याच्या उपग्रहांना दिसतच होते. ते दिसले नाही ते आपल्याच नगर नियोजनकारास आणि घर घेणाऱ्या नागरिकास.

यातील विसंगती बंगळूरमध्ये अधिक ठळक होते. १९७० मध्ये प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळातील नारळाच्या रोगाची पाहणी हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन करण्यात आली आणि भारतीय दूरसंवेदनाचा पाया घातला गेला. १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला. हा कार्यक्रम चालविणाऱ्या इस्रोचे मुख्यालय बंगळूरातच आहे. मात्र त्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातील प्रत्येक ठिपका सुमारे ७२ मीटरचा, तर दुसऱ्याचा ३६ मीटरचा होता. पिके, जंगले, मोठे जलाशय त्यात उत्तम दिसत. काही मीटर रुंदीचा नाला दिसत नसे. व्हाइटफील्डमधील तंत्रज्ञान उद्यानाची उभारणी १९९४ मध्ये सुरू झाली. त्यानंतरची इमारतींची लाट आली, तेव्हा महसुली नकाशे अभिलेख कक्षात होते, हवाई छायाचित्रे कुलपात होती आणि दोन्ही एकत्र ठेवून पाहणे हे कोणाचेच नित्यकर्म नव्हते. २००७ पर्यंत तर हा भाग बंगळूर महानगरपालिकेच्या हद्दीतही नव्हता.

२००५ मध्ये चित्र पालटले. मे महिन्यात राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाचे नकाशे आणि खुले नकाशे वेगळे केले. जूनमध्ये गूगल अर्थ आले आणि घरबसल्या आपले छप्पर पाहता येऊ लागले. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी त्यातील सुरक्षेच्या धोक्याकडे लक्ष वेधले होते, हेही नमूद केले पाहिजे. २०१६ मध्ये भूस्थानिक माहितीवर कडक निर्बंध आणू पाहणारा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, पण तो कायदा झाला नाही. उलट १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्याची बरीच मोकळीक दिली.

मधल्या काळात काय घडले, ते जुन्या उपग्रहप्रतिमांनीच सांगितले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७३ पासूनच्या प्रतिमा तुलनेस घेतल्या. सुमारे चार दशकांत शहरातील बांधकामाखालील क्षेत्र ५८४ टक्क्यांनी वाढले आणि जलाशयांचे क्षेत्र ७४ टक्क्यांनी घटले, असा त्यांचा निष्कर्ष होता. सप्टेंबर २०२२च्या पहिल्या आठवड्यात हे आकडे पाणी होऊन घरांत शिरले. व्हाइटफील्ड ज्या महादेवपुर विभागात येते, तेथील वसाहतींतून रहिवाशांना ट्रॅक्टर आणि नावांतून बाहेर काढावे लागले. पाठोपाठ राजकालुव्यांवरील अतिक्रमणे हटविण्याची मोहीम सुरू झाली आणि काही प्रकरणे न्यायालयात गेली. नाला कोठे होता, हे ठरविण्यासाठी पुन्हा जुने गावनकाशेच बाहेर काढावे लागले.

येथे प्रशासकाने थांबून विचार करावा. हवाई छायाचित्र काय सिद्ध करते? अमुक दिवशी अमुक जागी अमुक वस्तू होती, एवढेच. ती कोणाची होती, कोणत्या अधिकाराने होती, हे ते सांगत नाही. शिवाय छायाचित्राचा महिनाही पाहावा लागतो. उन्हाळ्यात कोरडे पडलेले तळे वरून पडीक जमिनीसारखे दिसते. तेच ऑक्टोबरात भरलेले असते. एप्रिलचे छायाचित्र दाखवून ‘येथे तळे नव्हतेच’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो, पण खरेही सांगत नसतो. उलट केवळ जुन्या नकाशावरील रेघ पाहून आजच्या घरावर यंत्र चालविणे हाही न्याय नव्हे. त्या घरात राहणाऱ्याने परवानगी पाहून, कर्ज काढून ते घेतलेले असू शकते. रेघ, छायाचित्र आणि सुनावणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही.

याचा वस्तुपाठ पुन्हा पुणे जिल्ह्यातच सापडतो. मुंबई पद्धतीने शेते मोजली, पण असंख्य लहान गावठाणांतील घरांची मोजणी राहून गेली होती. ती ड्रोनच्या साहाय्याने करण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला. पुढे २०२० मध्ये केंद्राची ‘स्वामित्व’ योजना आली आणि तिच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्राबरोबर कर्नाटकही होते. या पद्धतीत ड्रोन उडण्याआधी गावकऱ्यांच्या उपस्थितीत प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखली जाते. शेजाऱ्याची संमती असते तेथे रेघ पडते. तक्रार असेल तर चौकशी होते. मग छायाचित्र, मग नकाशा, मग हरकती, आणि शेवटी सनद. आकाशातील डोळा जमिनीवर माणसांनी मान्य केलेली रेघच टिपतो.

व्हाइटफील्डला हा क्रम मिळाला नाही. तेथे इमारती आधी आल्या, छायाचित्रे नंतर आणि रेघेचा शोध सर्वांत शेवटी. आज प्रत्येक महानगराच्या कडेला असे एक व्हाइटफील्ड वाढते आहे. तेथील प्रशासनाने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर दिनांकित छायाचित्रे घ्यावीत, ती गावनकाशावर ठेवून पाहावीत आणि बांधकाम परवानगी देण्यापूर्वी नागरिकांसमोर मांडावीत. परप्रांतात घर घेणाऱ्या मराठी वाचकानेही खरेदीखतावर सही करण्यापूर्वी त्या सर्व्हे नंबरचा मूळ गावनकाशा मागावा, त्यातील ‘खराब’ कोठे आहे ते विचारावे आणि गेल्या वीस वर्षांतील उपग्रहचित्रे शेजारी ठेवावीत. शब्द तर आपल्याच घरचे आहेत. ते वाचण्याचा कंटाळा करू नये.