‘असे’ म्हणजे आहे की होते?

वाई म्हटलं की ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट आणि विश्वकोशाचं कार्यालय आठवतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली इथूनच निघाला. शब्दांचे अर्थ लावण्यात हयात घालवलेल्या माणसांचं हे गाव. म्हणून एका लहानशा शब्दाची गोष्ट इथूनच सुरू करतो. तो शब्द म्हणजे ‘असे’.

‘गावात उरूस भरत असे’ हे वाक्य आज वाचलं, की पूर्वी भरायचा, आता भरत नाही, असं आपण समजतो. ‘सारा गाव उरुसाला जाई’ हेही तसंच. शाळेत याला रीती भूतकाळ म्हणतात. पण जुन्या मराठीत हीच रूपं वर्तमानकाळाची होती. ‘असे’ म्हणजे आहे, ‘जाई’ म्हणजे जातो, ‘करी’ म्हणजे करतो. प्राकृतातल्या ‘करइ’, ‘भणइ’मधून ‘करी’, ‘म्हणे’ आले. पुढे ‘करतो’, ‘जातो’ रूढ झाले आणि जुनी रूपं भूतकाळाकडे सरकली. रूप तेच राहिलं, काळ बदलला. म्हणींत मात्र जुना अर्थ टिकला. ‘दाम करी काम’ ऐकून पैसा पूर्वी काम करायचा, असं कुणी समजत नाही.

संतांच्या मुद्रेतही तेच. ‘तुका म्हणे’ किंवा श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं ‘शेख महंमद म्हणे’ यात ‘म्हणाले होते’ असा अर्थ नाही. ते म्हणतात, आजही.

कवितेत चूक झाली तर फार बिघडत नाही. कागदपत्रांत बिघडतं. वाई परगणा आदिलशाहीत होता आणि त्या राजवटीत महसुलाचा कारभार मराठीतही चाले. पुढे मराठा राजवटीतही मशिदी-दर्ग्यांच्या दिवाबत्तीसाठी इनामं मिळाली, चालू राहिली. अशा मोडी सनदांत ‘इनाम दिल्हे असे’ हा शब्दप्रयोग भेटतो. आजच्या कानाला तो ‘पूर्वी देत असत’ असा वाटतो. खरा अर्थ ‘दिले आहे’. एका शब्दाच्या वाचनात चालू हक्काची नुसती आठवण होऊन जाते.

ही गत फक्त मराठीची नाही. स्पॅनिशमध्ये ‘वीविमोस’ म्हणजे ‘आम्ही राहतो’ आणि ‘आम्ही राहिलो’ही. काळ संदर्भानेच कळतो. स्पेनमधल्या मुसलमानांचे वंशज, ज्यांना मोरिस्को म्हणत, त्यांच्यापैकी काहीजण स्पॅनिश भाषा अरबी लिपीत लिहीत. १६०९ ते १६१४ दरम्यान त्यांना देशाबाहेर काढलं गेलं. ‘आम्ही इथे राहतो’ म्हणणाऱ्यांच्या वाक्यात एक अक्षरही बदललं नाही, तरी अर्थ ‘राहिलो’ झाला.

आपल्या ‘म्हणे’ने आणखी एक वळण घेतलं. ‘तो म्हणे मुंबईला गेला’ यात म्हणणारा कोण, याचा पत्ता नसतो. संतांचं ‘म्हणे’ नावानिशी उभं राहतं, अफवेचं ‘म्हणे’ बिननावाचं फिरतं. मुसलमानांचा इतिहास आज बराचसा या दुसऱ्या ‘म्हणे’वर चालतो. दर्गा अमक्याने पाडला म्हणे, जमीन तमक्याने बळकावली म्हणे. त्याला उत्तर वादाने मिळत नाही. मूळ कागद काढावा लागतो, मोडी शिकावी लागते आणि ‘असे’ जिथे ‘आहे’ आहे, तिथे ‘आहे’ असंच वाचावं लागतं.