प्रभूचे अश्रु : एका ग्रीक शब्दाचा इतिहास

आक्रोश करणें आणि अश्रु ढाळणें यांत आपण मराठींत जो भेद मानतों, तोच पवित्र शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेंतही आढळतो. ‘क्लायो’ म्हणजे मोठ्यानें रडणें, विलाप करणें. ‘दाक्रुओ’ म्हणजे डोळ्यांतून अश्रु वाहणें. ग्रीक ‘दाक्रु’ आणि संस्कृत ‘अश्रु’ हे शब्द एकाच कुळांतील होत, असें भाषापंडित मानितात. लॅटिन ‘लाक्रिमा’ हा त्यांचाच भाऊबंद.

संत योहानाच्या ११ व्या अध्यायांत हे दोन्ही शब्द जवळजवळ आले आहेत. लाझरसाची बहीण मरिया व तिजबरोबरचे यहुदी रडत होते, तेथें ‘क्लायो’ आहे. परंतु ३५ व्या वचनांत प्रभु येशूविषयीं ‘दाक्रुओ’ हें क्रियापद योजिलें आहे. सबंध नव्या करारांत तें याच एका ठिकाणीं येतें. चौथ्या शतकाच्या अखेरीस पोप दमासस यांच्या आज्ञेवरून संत जेरोम यांनीं लॅटिन शुभवर्तमानें सुधारिलीं, त्यांतही हा भेद दिसतो.

मात्र जेरुसलेम दृष्टीस पडतांच प्रभु रडला, तेथें संत लूक (१९:४१) ‘क्लायो’ हाच शब्द लिहितात. मित्राच्या कबरेपाशीं मूक अश्रु, आणि नगरासाठीं विलाप! लाझरसाला तो थोड्याच वेळांत उठविणार होता. नगरानें मात्र आपल्या भेटीचा समय ओळखिला नाहीं. सन ७० मध्यें रोमन सैन्यानें तें नगर व तेथील मंदिर उद्ध्वस्त केलें.

देवपुत्रानें रडावें, ही गोष्ट पुष्कळांना अवघड वाटली. ख्रिस्तानें मरियेपासून खरें मानवी शरीर घेतलेंच नाहीं, असें दुसऱ्या शतकांतील कांहीं पाखंडी म्हणत. त्यांस उत्तर देतांना लियोंचे बिशप संत इरेनेयस यांनीं लाझरसासाठीं ढाळलेले अश्रु पुराव्यादाखल पुढें मांडिले. पुढें सन ३७४ च्या सुमारास सायप्रसमधील बिशप संत एपिफानियस लिहितात कीं, लूकच्या शुभवर्तमानांतील रडण्याचा उल्लेख भाविकांनींच भीतीपोटीं व मर्म न कळल्यामुळें आपल्या प्रतींतून काढून टाकिला होता. पाखंड्यांची चूक आणि भाविकांची भीति, दोहोंनीं प्रभूचे अश्रूच पुसले असते! परंतु तें वचन टिकलें. सन ४५१ मध्यें खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेनें ख्रिस्त हा खरा देव व खरा मनुष्य असल्याची ग्वाही दिली. सन १९५५ मध्यें जैतुनाच्या डोंगरावर वास्तुशिल्पी बार्लुझी यांनीं अश्रूच्या आकाराचें एक देऊळ पूर्ण केलें. त्याचें नांवच ‘प्रभु रडला’ या अर्थाचें आहे.

बंधुभगिनींनो, ज्या देवळाची ज्युबिली आज आपण साजरी करीत आहों, त्याच देवळांतून आपण आपल्या माणसांना अखेरचा निरोपही दिला आहे. त्या वेळीं डोळे भरून आले, तर श्रद्धा उणी पडली असें कोणीं समजूं नये. पुनरुत्थान आपल्या हातीं असूनही जो कबरेपाशीं रडला, त्याचेच आपण शिष्य आहों.