फुलबॅक अस्लम आणि अब्बांचा ट्रान्झिस्टर

भारत-पाकिस्तान सामना जवळ आला की स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत हसत विचारतोच, "काय सर, उद्या कोणाकडून?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला ठाऊक आहे. तरीही चहा कडू लागतो. अशा वेळी मी अस्लम शेर खान यांची गोष्ट सांगतो. क्रिकेट सोडून हॉकीवर आलो म्हणून समोरचा जरा गोंधळतो, आणि मला बोलायला सवड मिळते.

अस्लम भोपाळचे. त्यांचे वडील अहमद शेर खान १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंद यांच्या संघात होते. अंतिम सामन्यात त्या संघाने जर्मनीला ८-१ने हरवलं. मुलगाही हॉकीत आला, पण फुलबॅक म्हणून. फुलबॅकची जागा मोठी बिनकौतुकाची. दहा चाली अडवल्या तर कुणी बघत नाही, एक निसटली की सारं मैदान नाव घेतं. त्यातून पेनल्टी कॉर्नर मारायची जबाबदारी असेल, तर नाव होण्याची तेवढी एक संधी.

ती संधी १९७५च्या विश्वचषकात क्वालालंपूरला आली. उपांत्य सामना यजमान मलेशियाशी होता आणि वेळ संपत आली तेव्हा भारत १-२ने मागे होता. मायकेल किंडोंच्या जागी अस्लमना मैदानात उतरवलं होतं. पेनल्टी कॉर्नर मिळाला. गळ्यातल्या तावीजाला ओठ लावून त्यांनी चेंडू मारला, असं सांगतात. गोल झाला, २-२. जादा वेळेत हरचरणसिंगने तिसरा गोल केला. तो एक फटका चुकला असता तर विश्वचषक तिथेच संपला होता.

अंतिम सामना पाकिस्तानशी, १५ मार्चला. दूरदर्शन तेव्हा मोजक्या शहरांत होतं. आमच्या यवतमाळकडे सारी भिस्त आकाशवाणीवर. अब्बा सांगायचे, दारव्ह्याच्या एका हॉटेलात एका ट्रान्झिस्टरभोवती इतकी माणसं जमली होती की मालकाने चहा करणंच थांबवलं. आवाज जसदेव सिंग यांचा. त्यांचं हिंदी असं की त्यात उर्दूची नजाकतही यायची. उर्दू शाळेत शिकलेल्या अब्बांना तो माणूस आपल्याच मोहल्ल्यातला वाटे. पाकिस्तानने पहिला गोल केला. सुरजितसिंगने बरोबरी साधली, आणि मग अशोककुमारचा गोल. पाकिस्तानी खेळाडूंनी त्यावर हरकत घेतली, पण पंचांचा निर्णय कायम राहिला. २-१. हॉटेलात कोण कोणाच्या गळ्यात पडलं याचा हिशेब अब्बांकडे नव्हता.

हा अशोककुमार ध्यानचंद यांचा मुलगा. म्हणजे १९३६च्या संघातल्या दोघांची मुलं १९७५च्या संघात एकत्र. कप्तान अजितपालसिंग, किंडो आदिवासी, गोविंदा कोडगूचे, शिवाजी पवारही याच संघात. हे शेवटचं नाव वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. आपल्या पोरांनी तसं मैदान पाहिलं तरी कुठे होतं? आज निवृत्त खेळाडू टीव्हीवर समालोचनाला बसतात, चांगलं मानधनही मिळतं. अस्लम यांच्या वेळी तसला रस्ता फारसा नव्हता. त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'टु हेल विथ हॉकी'. नावावरूनच कळतं की माणूस रागावला होता, आणि माझ्या मते तो राग प्रेमाचा होता. ज्याला काही वाटत नाही तो पुस्तक लिहायच्या भानगडीत पडत नाही.

मग ते राजकारणात गेले. १९८४ आणि १९९१ साली काँग्रेसतर्फे बैतूलमधून लोकसभेवर निवडून आले. बैतूल म्हणजे आपल्याला काही परदेश नाही. वरूडहून मुलताईकडे निघालं की तो जिल्हा लागतो, आणि तिथल्या बाजारात मराठी कानावर पडते. भोपाळचा मुसलमान हॉकीपटू तिथून एकदा नव्हे, दोनदा निवडून आला.

हे सगळं सांगून होईपर्यंत बहुतेक तासाची घंटा होते. विचारणारा "बरं आहे" म्हणून उठतो. मागे एकदा आमचे गणिताचे सर मात्र दारातून परत आले आणि म्हणाले, "सर, तो किंडो कुठला म्हणालात?"